धुराची मजुरी

(रायपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



स्मृती व्याख्यानमालेत बहुतेक वक्ते संतसाहित्य, इतिहास नाहीतर राष्ट्राचं भवितव्य घेऊन येतात. मी वेल्डिंग घेऊन आलोय. ज्यांच्या नावानं ही माला चालते ते गुरुजी हाताला काम शिकवण्याच्या बाजूचे होते, तेव्हा त्यांना हा विषय चालला असता असं धरून चालतो.

विषय माझ्या डोक्यातून आलेला नाही. माझी सगळी नोकरी आयटीआयत शिकवण्यात झाली आणि जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की आजही फोन येतात. तात्यापाऱ्यातून येतात, चौबे कॉलनीतून येतात, गोंदिया-भंडाऱ्याच्या नातलगांचे येतात. "पोरगा जेमतेम पास झालाय. वेल्डरला नंबर लागतोय. पैसा आहे म्हणतात, पण छाती जाते म्हणतात. घालू का?"

पैसा आहे आणि छाती जाते. ही दोन वाक्यं आपण एका दमात बोलतो, जणू एकाची भरपाई दुसऱ्यात आहे. छाती जाते म्हणूनच पैसा मिळत असणार, असं आपण मनाशी धरतो. आज मला एवढंच तपासायचं आहे: खरंच असं आहे का? धुराची मजुरी कोणी देतं का?

हा प्रश्न रायपूरला विचारायचं कारण वेगळं सांगायला नको. भनपुरी, उरला, सिलतरा हे पट्टे लोखंडावर उभे आहेत. पलीकडे भिलाई. आणि आपल्या बिरगावला वेल्डिंगचे रॉड बनवणारा आडोरचा कारखाना आहे. १९५१ साली अडवाणी-ओर्लिकॉन म्हणून सुरू झालेली ही कंपनी, तिचा मशिनांचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला. रॉड रायपूरचा आणि मशीन चिंचवडचं. आपल्यापैकी कितीतरी घरांची वाटणी अशीच आहे, एक भाऊ इथे आणि एक तिथे! असो.

आधी पैशाचं बोलू, कारण घरात आधी तेच बोललं जातं.

"वेल्डरला किती मिळतात?" हा प्रश्न "मास्तरला किती मिळतात?" इतकाच मोघम आहे. शिकवणीचा मास्तर की विद्यापीठाचा? वेल्डरही एक नाही. एक वेल्डर रस्त्याकडेच्या दुकानात ग्रिल आणि गेट करतो, किंवा टाटीबंधला ट्रकच्या बॉडीखाली पाठीवर पडून टाके मारतो. ग्रिलचा भाव किलोवर ठरतो हे तुम्ही घर बांधताना अनुभवलंच असेल. किलोत लोखंड मोजलं जातं, त्यामागचा धूर मोजला जात नाही. दुसरा वेल्डर सिलतऱ्यात ठेकेदाराच्या गेटपासवर आत जातो. त्याच्या मजुरीचा पाया म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान वेतनाचा "कुशल" दर. तो दर आणि अकुशलाचा दर शेजारी ठेवून बघा. वर्षभर शिकून, आगीशी खेळून मिळालेलं हे अंतर मोठं नाही, आणि त्यात धोक्याचा म्हणून वेगळा रकाना नाही.

तिसरा कायम नोकरीतला. आपल्या इथल्या डब्ल्यूआरएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये टेक्निशियन म्हणून लागलेला मुलगा. ग्रेड तीनला सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल २ प्रमाणे मूळ पगार १९,९०० पासून, वर महागाई भत्ता, घरभाडं, रेल्वेचा दवाखाना, निवृत्तीची सोय. काम वॅगनचं, धूर तोच. पण शेड उंच असते, पाळी ठरलेली असते, आणि आजारी पडलं तर नोकरी जात नाही.

चौथा प्रमाणपत्रवाला पाइप वेल्डर. मुलांच्या भाषेत "सिक्स-जी पास". पाइप पंचेचाळीस अंशांत पक्का बसवायचा आणि तो न हलवता भोवताली फिरून जोड पूर्ण करायचा. खाली वाकून, बाजूनं, डोक्यावर, सगळ्या अवस्था त्यात येतात. मग त्या जोडाची परीक्षा होते. पाइप कापून पट्ट्या वाकवून बघतात किंवा क्ष-किरण फोटो काढतात, आणि मोहरीएवढा पोकळ ठिपकाही दिसतो. बॉयलरच्या कामाला आयबीआरचा, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांचा दाखला लागतो, तो ठरावीक मुदतीनं पुन्हा मिळवावा लागतो. कोरब्याच्या वीजकेंद्रांत शटडाऊन लागला की या माणसांना शोधत फिरतात. काही आठवडे रात्रंदिवस काम, ओव्हरटाइम, आणि मजुरी दुकानातल्या वेल्डरच्या कितीतरी पट. पुढची पायरी आखात. तिथे जाणाऱ्यांना एकच सांगतो: नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाखाची गोष्ट निघाली तर उठून या.

आता हे चौघे मनात शेजारी उभे करा आणि सांगा, धोका कुणाला जास्त?

ॲडम स्मिथ नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकानं १७७६ साली लिहिलं की काम जितकं अवघड, मळकट, धोक्याचं, तितकी मजुरी चढी असते. त्याचं उदाहरण गमतीदार आहे. लोहार कारागीर असूनही बारा तासांत क्वचितच तेवढं कमावतो, जेवढं कोळसा खाणीतला मजूर आठ तासांत मिळवतो. कारण लोहाराचं काम तेवढं मळकट नाही, तेवढं धोक्याचं नाही, आणि ते जमिनीवर, उजेडात चालतं. वाचायला किती न्याय्य वाटतं! फक्त हे सूत्र घेऊन उरल्याच्या फाटकावर सकाळी आठला उभं राहा.

तिथे उलटं दिसतं. सर्वांत कमी पैसे हेल्परला. आणि आर्क सर्वांत जास्त लागतो कुणाला? हेल्परला! वेल्डरच्या तोंडावर निदान काच असते. हेल्पर दोन्ही हातांनी पट्टी धरून उभा असतो, हात मोकळा नाही, काच नाही, आणि मान वळवून डोळे मिटायची अक्कल यायला चार रात्री रडावं लागतं. त्याच्यावरचा दुकानातला वेल्डर बंद गाळ्यात, गमछा बांधून. त्याच्यावरचा ठेक्यातला. सर्वांत चांगल्या पगाराचा मनुष्य बहुतेक वेळा सर्वांत चांगल्या हवेत, पूर्ण हेल्मेटमध्ये, सेफ्टीवाल्याच्या नजरेखाली. स्मिथचं सूत्र लागू पडायला एक अट असते: मजुराला धोका माहीत हवा, आणि नाही म्हणायची ऐपत हवी. आपल्या पोराकडे यातलं काय असतं?

तेव्हा माझं म्हणणं हे आहे. वेल्डरला पैसे मिळतात ते हाताच्या कसबाचे. धुराचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.

एक दुरुस्ती लगेच करतो, नाहीतर सभागृहात बसलेले भिलाईचे निवृत्त अधिकारी मला चहाच्या वेळी गाठतील. वरच्या पायरीवर धोका संपतो असं नाही, तिथे तो रूप बदलतो. बॉयलरच्या पी-९१ पोलादाच्या नळ्यांत नऊ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, आणि भट्टीच्या आत जागा अरुंद. आर्गनच्या वेल्डिंगला धूर कमी, पण ओझोन होतो. शिवाय लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे, आणि मुलं ते टोक ग्राइंडरवर घासून भुकटी नाकात घेतात. सोनेरी किंवा करड्या टोकाचं टंगस्टन मिळतं, तेच मागावं. आणि ९ ऑक्टोबर २०१८ ला भिलाईत काय झालं ते तुमच्या लक्षात असेल: कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीवर देखभालीचं काम सुरू असताना स्फोट झाला, माणसं भाजून गेली. तो कारखाना देशातल्या नामांकित कारखान्यांपैकी एक.

पण त्या दिवशी बातमी झाली. धुराची बातमी होत नाही. म्हणून आता शरीराकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

डोळ्यांचं दुखणं सर्वांना ठाऊक. आर्कमधून अतिनील किरण येतात, बुबुळाच्या वरच्या पडद्याला भाजतात, आणि गंमत अशी की लगेच काही कळत नाही. संध्याकाळी पोरगा जेवतो, झोपतो, आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा उठून बसतो. मग कच्च्या बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी. बटाट्यानं गारवा मिळतो, बिघडत काही नाही. बहुधा एक-दोन दिवसांत पडदा आपोआप भरून येतो. बिघडतं ते मेडिकलवरून बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा घातले की. वेदना जाते आणि पडद्याची जखम भरायची थांबते. हे थेंब घरी वापरायचे नसतातच.

दुसरा झटका तापाचा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा वेल्ड केला की पांढरा धूर निघतो. तोंडाला गोडसर चव, मग काही तासांनी थंडी वाजून ताप, अंग मोडून येतं. एक-दोन दिवसांत उतरतो. रोज तेच काम केलं तर शरीर आठवडाभरात सरावतं, रविवारी सवय मोडते आणि सोमवारी पुन्हा ताप. जगभरच्या कारखान्यांत त्याला सोमवारचा ताप म्हणतात. आपल्याकडे तो मलेरियात जमा होतो.

हे दोन्ही आजार आरडाओरडा करणारे आहेत, म्हणून मला त्यांची भीती कमी वाटते. खरे पाहुणे गुपचूप येतात.

वेल्डिंगच्या धुराचे कण बहुतेक मायक्रॉनच्याही आतले. गमछ्यातून ते आरामात जातात, कापडी मास्कमधूनही. साध्या लोखंडाचा धूर वर्षानुवर्षं घेतला की फुफ्फुसात लोह साचतं आणि छातीच्या फोटोत ठिपके दिसू लागतात. हे ठिपके स्वतः फारसा त्रास देत नाहीत. पण डॉक्टरनं धंदा विचारला नाही तर क्षयाची शंका येते, आणि चुकीच्या रोगाची औषधं सुरू होऊ शकतात. म्हणून दवाखान्यात नाव सांगण्याआधी "मी वेल्डर आहे" हे सांगा. रॉडमध्ये मँगनीज असतं. बंद जागेत ते दीर्घकाळ जास्त प्रमाणात गेलं तर मेंदूवर परिणाम होतो: चाल बदलते, हात जड होतो, चेहरा थिजल्यासारखा होतो, आणि घरचे म्हणतात माणूस चिडचिडा झालाय. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचा घातक प्रकार असतो. आता तुमच्या जिन्याची चकाकणारी रेलिंग आठवा!

आणि कर्करोग? २०१७ च्या मार्चमध्ये लिऑनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेत तज्ज्ञ बसले आणि त्यांनी वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो याबद्दल पुरेसा पुरावा आहे. त्याआधी जवळपास तीन दशकं तो "शक्य आहे" या गटात होता. त्याच बैठकीच्या अंदाजानं जगात वेल्डर म्हणून काम करणारे १ कोटी १० लाख, आणि ज्यांच्या नाकात हा धूर जातो असे आणखी ११ कोटी. आपला हेल्पर, फिटर, शेजारी बसून ग्राइंडिंग करणारा, सगळे त्या अकरा कोटींतले. दोन वर्षांनी ब्रिटनच्या कारखाना-सुरक्षा खात्यानं फर्मान काढलं की साध्या लोखंडाचं वेल्डिंगसुद्धा बंद जागेत नुसतं दार उघडं ठेवून चालणार नाही, धूर जिथे निघतो तिथेच ओढून घ्या. तिथे वेल्डरला न्यूमोनियाची लस घ्यायचाही सल्ला देतात, कारण धुरानं छाती न्यूमोनियाला हळवी होते.

घाबरून जाऊ नका. पहिला गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. तंबाखूही त्याच गटात आहे आणि बिडीचा धोका वेल्डिंगहून कितीतरी मोठा. पण दुपारच्या सुट्टीत आमचा वेल्डर काय करतो? बिडी ओढतो. दोन्ही धूर एकाच छातीत जातात, त्यांची वेगवेगळी खाती नसतात.

गूळ खाल्ला की छाती साफ होते का, हे विचारणार आहात, मला माहीत आहे. गूळ आणि केळं देणारे मालक मी पुष्कळ पाहिले, मनानं चांगले लोक. गूळ जातो अन्ननलिकेतून आणि धूर जातो श्वासनलिकेतून. घशाला बरं वाटतं. फुफ्फुस धुतलं जात नाही. गुळाची ढेप आणण्यापूर्वी एक पंखा आणा, आणि तो वेल्डरच्या पाठीमागून सरळ तोंडाकडे नको, बाजूनं लावा, म्हणजे धूर डोकं आणि जोड यांच्यामधून निघून जाईल. जोडावर ओणवं होऊन मान धुरात घालायची सवय पहिल्या महिन्यात लागते आणि जन्मभर राहते. शिकवणाऱ्यानं पहिल्या महिन्यात मान ओढली पाहिजे. आणि आपला मे महिना! पारा पंचेचाळीसला, अंग घामानं भिजलेलं, चामड्याचा एप्रन सोडून दिलेला. मशीन रिकामं असताना होल्डरवर सत्तर-ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते कधी कधी जाणवतही नाहीत, ओल्या अंगाला जीव घेऊ शकतात.

आता कायद्याचं. इथे एक विचित्र खड्डा आहे आणि तो फार थोड्यांना दिसतो.

दहा किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेत कामगार कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयत येतो. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. त्या बदल्यात दवाखाना, आजारपणाचा पगार, आणि कामामुळे जडलेला नोंदीतला रोग हा कामावरचा अपघातच मानला जातो. उत्तम योजना. पण तिला मर्यादा आहे महिना २१,००० रुपये पगाराची, आणि ती १ जानेवारी २०१७ पासून तिथेच आहे. आता वेल्डरचं आयुष्य डोळ्यांपुढे आणा. पहिली काही वर्षं पगार कमी, छाती ठणठणीत, विमा आहे. हात बसला, पगार बावीस हजार झाला, विमा गेला. नेमका तेव्हा, जेव्हा धुराची पहिली दहा-बारा वर्षं छातीत साचलेली असतात! पुढे आजार निघाला तर भरपाईचा रस्ता उघडा आहे, पण तिथे दवाखाना मिळत नाही, दावा करावा लागतो. आणि दाव्यात पहिला प्रश्न येतो, हे काम तू कुणाकडे, सलग किती दिवस केलंस?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत चाळिशीच्या वरच्या कामगाराची वर्षाला एकदा मोफत तपासणी आहे, हे चांगलं. पण कारखाना कुणाला म्हणायचं त्याची सीमा विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांवरून वीसवर गेली. टाटीबंधच्या चार माणसांच्या गाळ्याला जुनाही कायदा शिवत नव्हता, नवाही शिवत नाही. आणि चाळिशीच का? अठराव्या वर्षी आयटीआयत पाऊल टाकताना एकदा फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजली, कागद जपून ठेवला, तर चाळिशीत तुलना तरी करता येईल. नाहीतर चाळिशीतला आकडा कशाशी ताडून बघायचा?

तर फोनवरच्या त्या बापाला मी काय सांगतो? घाला म्हणतो. मुलीलाही घाला, आर्गनच्या कामाला हात स्थिर लागतो आणि तो कुणाचाही असू शकतो. पण वर्षभराच्या कोर्सवर थांबू नका, पाइपची परीक्षा देईपर्यंत घरानं पोसावं. दोन वर्षं घरानं सोसलं नाही तर पोरगा गाळ्यात अडकतो, आणि गाळ्यातून वर यायला हात असला तरी वेळ मिळत नाही. नोकरीला जाताना पगाराआधी शेडची उंची बघायला सांगतो, धूर ओढणारं नळकांडं आहे का ते बघायला सांगतो. हेल्परला काच देतात का? ज्या शेडमध्ये हेल्परला काच आहे, तिथे बाकीचं बरंचसं ठीक असतं. इतकी वर्षं ही खूण मला क्वचितच चुकलेली दिसली.

आणि तुम्ही जे इथे बसला आहात, तुमच्यातले निम्मे तरी या वर्षात कुठे ना कुठे लोखंडी काम करून घेणार. किलोचा भाव पाडताना दोन रुपयांवरून घासाघीस होते, मी ऐकली आहे. ते दोन रुपये दुकानदार रॉडमधून काढत नाही, लोखंडातून काढत नाही. बारीक कण अडवणारा एफएफपी-२ मास्क आणि हेल्परची काच यांतूनच ते निघतात. भाव ठरवताना विचारा, "पोराला काच देता ना?" विचारायला पैसे पडत नाहीत.

एक शेवटचं काम सांगतो. १९८३ साली दल्ली-राजहऱ्यात खाणकामगारांनी आपल्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उभारलं, कामगारनेते शंकर गुहा नियोगींच्या संघटनेच्या बळावर. आपल्या दुखण्याचा हिशोब दुसऱ्यानं ठेवावा याची त्यांनी वाट पाहिली नाही. तेवढं मोठं काम मी तुमच्याकडून मागत नाही. घरात, ओळखीत, गल्लीत जो वेल्डर असेल त्याला एक वही घेऊन द्या. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, कुठल्या कारखान्यात, कुठल्या धातूवर, कुठल्या रॉडनं, आत की उघड्यावर. गेटपासची झेरॉक्स चिकटवायची, पगाराची चिठ्ठी चिकटवायची, फुंकण्याच्या तपासणीचा आकडा वर्षातून एकदा लिहायचा. आणि ठेकेदाराचं नाव प्रत्येक वेळी पूर्ण लिहायला सांगा, कारण कारखाना तोच राहतो, मशीन तेच राहतं, आणि ठेकेदार दर वर्षाला नव्या नावानं येतो.